एका बिटाची बखर

लोणी काळभोर म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यासमोर काय येतं? सोलापूर रस्ता, ऊस, थेऊरला जाणारा फाटा आणि टँकरच्या रांगा. मला मात्र तिथे गेलं की वेगळंच काहीतरी सुचतं. (आमच्या धंद्याचा दोष, दुसरं काय!) या एका गावात तीन अशा गोष्टी आहेत ज्यांचं सगळं आयुष्य "उघड" आणि "बंद" या दोन शब्दांत बसतं. पहिली, गावाजवळून जाणारा खडकवासल्याचा कालवा. दुसरी, पुणे-दौंड रेल्वेलाइन. आणि तिसरी, मुंबईहून घाट चढून इथपर्यंत येणारी पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन.

उघड किंवा बंद. एक किंवा शून्य. म्हणजे आपला बिट!

आता कुणी म्हणेल, एक बिट बदलायचा त्यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे? कॉम्प्युटरला सांगायचं "पाच नंबर चालू कर", तो करेल. मंडळी, इथेच तर मेख आहे. गेल्या पन्नास वर्षांत कॉम्प्युटरला बाहेरच्या जगातलं एक बटण दाबायला शिकवताना इंजिनियरांनी काय काय उपद्व्याप केले, त्याची ही छोटीशी बखर. तिचं सार आधीच सांगून टाकतो: बिट कधी एकटा नसतो. त्याला शेजारी असतात, आणि सगळं राजकारण त्या शेजाऱ्यांचं आहे.

दारं धरणं

सुरुवात कॉम्प्युटरच्या बरीच आधी करू. खडकवासल्याचं धरण १८७९ साली पूर्ण झालं आणि मुठेचं पाणी हडपसर-लोणीच्या बाजूला शेतात खेळायला लागलं. पुढे नवा उजवा कालवा थेट इंदापूरपर्यंत गेला. आपल्याकडे उसाला पाणी देण्याला "दारं धरणं" म्हणतात. शब्द बघा किती चपखल आहे. पाटातून पाणी येत असतं. एका वाफ्याचं दार फावड्याने माती ओढून मोडायचं, तो भरला की पुढच्याचं दार मोडायचं आणि मग आधीचं लिंपायचं. क्रम चुकवायचा नाही. आधीचं दार लिंपलं आणि पुढचं उघडायला उशीर झाला, तर पाणी थांबत नाही, ते पाटच फोडतं.

दारं धरणाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी कायम असतात. एक, आत्ता कुठलं दार उघडं आहे. दोन, एका दाराला हात लावला तर बाकीच्या दारांचं काय होईल. डिजिटल आऊटपुटचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. विनोद करत नाहीये. पुढे वाचा.

शून्याचा अर्थ काय?

दुसरा धडा रेल्वेचा. जीआयपी रेल्वे १८५८ साली पुण्याला पोचली आणि १८६० पर्यंत सोलापूर गाठलं. लोणी स्टेशन याच वाटेवरचं. पण मला सांगायची आहे ती गोष्ट अमेरिकेतली. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या गृहस्थाने "क्लोज्ड ट्रॅक सर्किट"चं पेटंट घेतलं. कल्पना साधी. रुळांतूनच हलका विद्युतप्रवाह सोडायचा. रूळ मोकळा असेल तर प्रवाह पलीकडच्या रिलेपर्यंत पोचतो, रिले ओढून धरला जातो आणि सिग्नल "या" म्हणतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे प्रवाह मधल्यामध्ये वळतो, रिले सुटतो, सिग्नल लाल.

यातली खरी गंमत पुढे आहे. तार तुटली, बॅटरी संपली, रूळ तुटला, तरीही सिग्नल लालच होतो. म्हणजे "सगळं ठीक आहे" हे सांगायला प्रवाह लागतो, आणि काहीही बिघडलं की आपोआप "थांबा". रॉबिन्सनच्या आधीच्या रचना बरोबर उलट्या होत्या: गाडी आल्यावर प्रवाह सुरू व्हायचा. त्यात तार तुटली की रूळ मोकळा असल्यासारखा दिसायचा. बिट तोच, फक्त एक आणि शून्य यांचे अर्थ अदलाबदल केले आणि हजारो जीव वाचले. हा माझ्या मते सॉफ्टवेअरच्या आधीचा सर्वांत मोठा "बग फिक्स" आहे :-)

पाइपलाइन आणि धीराने वागणारे व्हॉल्व्ह

तिसरी गोष्ट पाइपलाइन. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई-पुणे पाइपलाइन १९८५ साली सुरू झाली. साधारण १६० किलोमीटर, शेवट लोणीच्या टर्मिनलवर. पुढे ती सोलापूरजवळ पाकणीपर्यंत वाढवली. एकाच नळीतून पेट्रोल, रॉकेल, डिझेल एकामागोमाग एक येत राहतं, आणि टर्मिनलवर आल्यावर त्याला योग्य टाकीत वळवावं लागतं. म्हणजे दारं धरणंच, फक्त इथे दार म्हणजे मोटरवर चालणारा लोखंडी व्हॉल्व्ह.

इथे रेल्वेचा धडा जसाच्या तसा चालत नाही. "बिघडलं की बंद" असं करावं, तर वाहता प्रवाह एकदम अडवला की नळीत दाबाची लाट उठते. रशियात झुकोव्हस्कीने १८९० च्या दशकात मॉस्कोच्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं इंधन झटक्यात थांबवलं तर दाब साधारण आठ-दहा बारने उसळतो, आणि वेग दुप्पट असेल तर उसळीही दुप्पट. म्हणून मोठे व्हॉल्व्ह सावकाश फिरतात, आणि मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह वीज गेली की जिथे आहे तिथेच थांबतो. त्याला एक बिट पुरत नाही. "उघड"साठी एक, "बंद"साठी एक. दोन्ही एकदम एक झाले तर? मोटरला उलट-सुलट दोन हुकूम. ते होऊ नये म्हणून पॅनेलमध्ये इंटरलॉक असतो: एक कॉन्टॅक्टर ओढला गेला की दुसरा ओढलाच जाऊ नये अशी रचना. सॉफ्टवेअरवाल्यांवर विश्वास नसणाऱ्या इलेक्ट्रिशियन मंडळींची ही कृपा.

आता या दोन बिटांना हुकूम द्यायला कॉम्प्युटर आला. आणि पंचाईत झाली. कारण कॉम्प्युटर बिट ओळखतच नाही. तो आठाच्या घोळक्यात बोलतो.

८२५५ आणि गावकर सरांचं पुस्तक

ज्यांनी भारतात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन केलंय त्यांना ८२५५ सांगायला नको. सत्तरच्या दशकात इंटेलने ८०८० या प्रोसेसरच्या सोबतीला काढलेली चाळीस पायांची चिप. तिच्यात ए, बी आणि सी असे तीन पोर्ट, प्रत्येकी आठ, एकूण चोवीस तारा. आपल्या पिढ्याच्या पिढ्या हे शिकल्या ते रमेश गावकर यांच्या ८०८५ वरच्या पुस्तकातून. मराठी आडनावाचा हा माणूस अमेरिकेत, सिरॅक्यूजजवळच्या ऑनोंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवायचा. मुंबईच्या पेनरामने भारतीय आवृत्ती काढली आणि ती घरोघरी (म्हणजे होस्टेलच्या खोलीखोलीत) गेली.

८२५५ मध्ये एक लबाडी होती जी मला आजही आवडते: पोर्ट सी साठी "बिट सेट-रिसेट". ए किंवा बी पोर्टवर लिहायचं तर आठही बिट एकदम लिहावे लागतात. पण सी साठी कंट्रोल रजिस्टरला एक छोटा हुकूम पाठवायचा, त्यात बिटचा नंबर आणि चालू की बंद एवढंच. ०७ पाठवलं की सी-३ चालू. ०६ पाठवलं की सी-३ बंद. बाकीच्या सात शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. एका बिटाला स्वतःची ओळख असावी हे चिप बनवणाऱ्याला तेव्हाच कळलं होतं!

पण त्याच चिपमध्ये एक खड्डाही होता. त्याच कंट्रोल रजिस्टरला मोड ठरवणारा हुकूम पुन्हा पाठवला की आऊटपुटचे सगळे बिट शून्य. म्हणजे प्रोग्रॅम मधेच रीस्टार्ट झाला, त्याने आपली सुरुवातीची चार वाक्यं इमानदारीने पुन्हा म्हटली, की बाहेर चालू असलेलं सगळं खटकन बंद. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती नवी सुरुवात. बाहेरचं जग मात्र तेच, कालचंच. हा फरक चिपला कळत नाही. तो आपल्याला कळावा लागतो.

प्रिंटरच्या तारेला लोंबकळलेले रिले

नव्वदच्या दशकात पीसी स्वस्त झाला आणि हौशी लोकांना त्याच्या पाठीवर सोनं सापडलं: प्रिंटरचा पोर्ट. पत्ता हेक्स ३७८, आठ डेटा तारा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून यूएलएन २००३ आणि चार-सहा रिले आणायचे, टर्बो सी मध्ये "आऊटपोर्टबी" लिहायचं, आणि ट्यूबलाइट कॉम्प्युटरवरून चालू! त्या वेळी कॉलेजातल्या निम्म्या प्रोजेक्टांचं सार एवढंच असायचं. मीही त्याच पंगतीतला. त्या पोर्टाचा विक्षिपतपणा असा की कंट्रोलच्या चारपैकी तीन तारा उलट्या: तुम्ही एक लिहा, बाहेर शून्य दिसणार. आणि मशीन सुरू होताना प्रिंटर आहे का हे चाचपडताना त्या तारा आपोआप हलायच्या, तेव्हा रिले टकटक वाजायचे. ट्यूबलाइटला चालतं. व्हॉल्व्हला नाही.

कारखान्यात आणि प्रयोगशाळेत यापेक्षा बरी सोय होती: डेटा ॲक्विझिशन कार्ड. ॲडव्हान्टेकचं पीसीएल-८१२ हे त्यातलं गाजलेलं नाव. सोळा ॲनालॉग इनपुट, सोळा डिजिटल इनपुट, सोळा डिजिटल आऊटपुट. पण अशा अनेक कार्डांत आऊटपुटचा पत्ता फक्त लिहिण्यासाठी असायचा. तिथून वाचलं तर आपण काय लिहिलं होतं ते कळत नसे. मग पाच नंबरचा बिट बदलायचा कसा? बाकी सात जण आत्ता काय आहेत हे माहीतच नाही!

उत्तर: स्वतःच लक्षात ठेवायचं. प्रोग्रॅममध्ये एक प्रत ठेवायची, तिला "शॅडो" म्हणायचं. प्रतीत एक बिट बदलायचा आणि अख्खी प्रत कार्डावर लिहायची. दारं धरणाऱ्याच्या डोक्यातला पहिला प्रश्न इथे आला: आत्ता कुठलं दार उघडं आहे?

आता दुसरा प्रश्न. समजा तीन नंबरला पंप आहे आणि पाच नंबरला व्हॉल्व्ह. प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच वेळी काम करतायत. पंपवाला भाग प्रत वाचतो: ००००००००. तेवढ्यात व्हॉल्व्हवाला भागही तीच प्रत वाचतो: ००००००००. व्हॉल्व्हवाला लिहितो ००१०००००. व्हॉल्व्ह उघडायला लागला. पंपवाल्याच्या हातात मात्र जुनी प्रत आहे, तो त्यात आपला बिट घालून लिहितो ००००१०००. पंप चालू, आणि व्हॉल्व्हचा हुकूम मागे! दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं. कुणाच्याही कोडमध्ये चूक दाखवता येत नाही. आणि बंद व्हॉल्व्हवर पंप धडधडतोय. किराणा दुकानाच्या एकाच वहीत दोन भाऊ आपापल्या जुन्या आकड्यावरून शिल्लक मांडायला लागले तर जे होईल, तेच.

चिपवाले शहाणे झाले

हा गोंधळ मिटवायला प्रत्येकाने आपापला रस्ता काढला. इंटेलच्या ८०५१ ने (१९८०) पोर्टच्या प्रत्येक बिटाला स्वतःचा पत्ता दिला आणि "सेट बिट" ही एकच सूचना. आतून ती अख्खा पोर्ट वाचते, बदलते, लिहिते, पण मधे दुसरं कुणी घुसू शकत नाही. शिवाय ती बाहेरच्या पायावरचं व्होल्टेज न वाचता स्वतःच्या लॅचमधली नोंद वाचते. हे बारीक वाटतं, पण याच जागी हौशी लोकांचा लाडका पिक १६एफ८४ फसवायचा. तो प्रत्यक्ष पाय वाचायचा. पायावर कपॅसिटर असला आणि व्होल्टेज चढायला जरा उशीर झाला, की तो "एक"ला "शून्य" समजायचा आणि शेजारचा बिट गुपचूप बंद करून टाकायचा. पुढच्या पिक १८ मध्ये लॅच वाचायची वेगळी सोय केली.

नंतर आलेल्या एआरएम चिपांनी तर वाचायची भानगडच काढून टाकली. फिलिप्सच्या एलपीसी२१४८ मध्ये दोन रजिस्टर: एकात लिहिलेले बिट चालू होतात, दुसऱ्यात लिहिलेले बंद. ज्याचं नाव घेतलं नाही त्याला धक्का नाही. ८२५५ च्या पोर्ट सी ची कल्पना, नव्या कपड्यात.

कार्डांच्या ड्रायव्हरमध्येही तेच झालं. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये "पोर्ट"साठी एक फंक्शन आणि "लाइन"साठी वेगळं होतं, आणि २००३ मध्ये आलेल्या डीएक्यूएमएक्समध्येही पोर्ट आणि त्यातली लाइन अशी नावं घेऊनच काम करायचं. लिनक्सवरच्या कॉमेडीने मला सगळ्यांत पटणारा मार्ग काढला. तिथे दोन आकडे द्यायचे. पहिला "मास्क": कुठल्या बिटांबद्दल बोलतोय. दुसरा: त्यांची किंमत. मास्कमध्ये नसलेल्यांना हात लावायचा नाही हे ड्रायव्हरचं वचन. म्हणजे लक्षात ठेवण्याची जबाबदारी दहा प्रोग्रॅमरांकडून काढून एका जागी दिली. वही एकच, आणि लिहिणाराही एकच.

खोडदच्या तबकड्या

मास्क का हवा, एकेक बिट बदलून का भागत नाही, हे बघायला पुणे जिल्ह्यातच नारायणगावजवळ खोडदला जाऊ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी दुर्बीण: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रत्येक तबकडीपाशी एक कॉम्प्युटर आणि त्याच्या हाताखाली छोटी नियंत्रण कार्डं. मूळ रचनेत अशा एका कार्डाला सोळा डिजिटल आऊटपुट आणि चौसष्टपर्यंत ॲनालॉग सिग्नल वाचायची सोय. मध्यवर्ती इमारतीतून फायबरवरून हुकूम जातो आणि कित्येक किलोमीटरवरच्या तबकडीत एखादी तार शून्याची एक होते.

त्या तारांनी काय ठरतं? सिग्नल किती दाबायचा, कुठली फ्रीक्वेन्सी निवडायची, मोजमाप तपासायला मुद्दाम घातलेला नॉइज किती ठेवायचा. यातल्या बऱ्याच गोष्टी दोन-तीन बिट मिळून ठरतात. दोन बिटांत चार पायऱ्या. ०१ वरून १० वर जायचं आणि तुम्ही एकेक बिट बदलला, तर मधे क्षणभर ००  किंवा ११ येणारच. म्हणजे कधी एकाच बिटाला हात लावायचा असतो आणि कधी दोघांना एकदमच हलवायचं असतं. हे कुठल्या तारा कुणाच्या सोबती आहेत त्यावर ठरतं, आणि ते फक्त तारा जोडणाऱ्याला माहीत असतं. ते त्याने सॉफ्टवेअरवाल्याला सांगायला हवं. कागदावर. सहीसकट.

आणि तो बिट जो नव्हताच

आता जरा गंभीर होतो. २९ ऑक्टोबर २००९. जयपूरजवळ सीतापुऱ्याचा इंडियन ऑइलचा डेपो. लोणीला आहेत तशाच टाक्या, तसेच व्हॉल्व्ह. संध्याकाळी शेजारच्या डेपोला पेट्रोल द्यायची तयारी चालू असताना टाकीच्या लाइनमधून पेट्रोल बाहेर उसळायला लागलं. तिथली माणसं वाफेने हतबल झाली, व्हॉल्व्हजवळ जाता येईना. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिलं, वाफेचा ढग पसरला आणि मग स्फोट. दहाहून अधिक माणसं गेली, आग दिवसेंदिवस धुमसत राहिली.

चौकशी समितीने मूळ कारणांमध्ये एक कारण नोंदवलं: दुरून गळती थांबवण्याची सोय नसणं. कंट्रोल रूममधून मोटरचे व्हॉल्व्ह बंद करण्याची व्यवस्था २००३ पासून निकामी होती. म्हणजे व्हॉल्व्ह होता, मोटर होती, कंट्रोल रूम होती. त्या दोघांमधला एक बिट तेवढा नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा शॅडो, लॅच, मास्क सगळं क्षणभर फिकं वाटलं. आपण सॉफ्टवेअरवाले बिट लिहिला की काम झालं म्हणतो. फंक्शनने "यशस्वी" म्हणून शून्य परत दिलं की खूश. पण ते यश म्हणजे कार्डाच्या लॅचमध्ये एक लिहिला गेला, एवढंच. पुढे रिले आहे, तार आहे, फ्यूज आहे, कॉन्टॅक्टर आहे, मोटर आहे. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, हे सांगणारा लिमिट स्विचचा इनपुट वेगळा वाचावा लागतो, आणि तो वाचणं हे बिट लिहिण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं. आणि जो बिट वर्षातून एकदाही वापरला जात नाही, त्याला अधूनमधून मुद्दाम हलवून बघावं लागतं. नाहीतर तो आहे की नाही हे ज्या संध्याकाळी कळायला नको, नेमकं त्याच संध्याकाळी कळतं.

लोणीच्या उसाच्या शेतात दारं धरणारा माणूस दार लिंपून झाल्यावर लगेच पाठ फिरवत नाही. बॅटरीचा झोत टाकून पाणी खरंच अडलंय का ते बघतो, मग पुढच्या वाफ्याकडे वळतो. आपल्या कोडमध्ये आऊटपुटच्या ओळीनंतर ती बघण्याची ओळ आहे का, एवढं सोमवारी ऑफिसात गेल्यावर तपासा.

असो. आजची बखर इथेच आटोपती घेतो.